एक बनावट चिठ्ठी : रानपिंगळ्याच्या नमुन्यावरील निबंधाचें परीक्षण

‘आयबिस’ या ब्रिटिश पक्षिशास्त्रीय त्रैमासिकांत १९९९ सालीं पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांचा रानपिंगळ्याच्या एका नमुन्याविषयींचा निबंध प्रसिद्ध झाला. इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत घुबडाचें काय प्रयोजन, असें कोणी वाचक पुसेल. परंतु बनावट सनद कशी ओळखावी हें ज्यांस शिकावयाचें आहे, त्यांनीं हा निबंध अवश्य वाचावा असें आमचें मत आहे. शिवाय प्रकरण सातपुड्याचें आहे, म्हणजे आम्हां वऱ्हाडकरांच्या दारचें आहे.

हकीकत अशी. रानपिंगळ्यास शास्त्रीय नांव १८७३ सालीं ह्यूम यानें दिलें. राष्ट्रसभेच्या संस्थापकांत ज्याची गणना होते, तोच हा ह्यूम. जगांतील संग्रहांत या पक्ष्याचीं कातडीं सातच, आणि त्यांतील बहुतेक डेव्हिडसन नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें खानदेशांत शहादें-तळोद्याकडे मिळविलेलीं. १८८४ नंतर पक्षी कोणास सांपडला नाहीं. सातांतील एका नमुन्याची चिठ्ठी मात्र निराळें सांगत होती: तापीकांठीं गुजराथेंतील मांडवी, सन १९१४, आणि मिळविणार कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. या गृहस्थानें आपला सुमारें वीस हजार पक्ष्यांचा संग्रह १९५४ सालीं ब्रिटिश म्युझियमास दिला. देणगी मोठी व दात्याचा लौकिकही मोठा. तेव्हां मांडवीची नोंद ग्रंथांतून निमूटपणें उतरत गेली.

निबंधकारांनीं चिठ्ठी बाजूस ठेवून कातड्याचीच साक्ष घेतली, हा या निबंधाचा गाभा. पक्ष्याचें कातडें सोलणें, आंत कापूस भरणें, पंख व पाय बसविणें यांत प्रत्येक हाताची एक ढब असते. मोडी लिहिणाराचें वळण जसें लपत नाहीं, तशी हीही लपत नाहीं. क्ष-किरणांखालीं पाहतां असें दिसलें कीं, मांडवीच्या म्हटलेल्या नमुन्यांतील जुना भराव कांहींसा काढून तो पुन्हा भरलेला आहे, आणि तरीही मूळ घडणीच्या ज्या खुणा उरल्या त्या डेव्हिडसनच्या नमुन्यांच्या आहेत. म्हणजे डेव्हिडसनचें कातडें चोरून, त्याचें रूप पालटून, त्यास नवी चिठ्ठी बांधलेली. हें अंतःप्रमाण. बहिःप्रमाणही दुबळें नव्हतें, कारण याच कर्नलच्या दुसऱ्या नमुन्यांविषयीं ॲलन नॉक्स यानें १९९३ सालींच अशी लबाडी उघड केली होती.

याचा उपयोग काय, असें विचारणारास उत्तर तयार आहे. मांडवीची नोंद खरी धरून पूर्वीं ज्यांनीं शोध केला त्यांचे श्रम वायां गेले. रासमुसेन व तिचे सोबती यांनीं ती वगळून जुन्या अस्सल चिठ्ठ्यांवरील ठिकाणें गांठलीं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. पुढें तो नरनाळ्याच्या पाठीमागच्या मेळघाटांतही आढळला. एकशें तेरा वर्षें नाहींसा मानलेला पक्षी सांपडला तो शंभर वर्षांपूर्वींच्या चिठ्ठ्यांच्या आधारानें.

आतां दोषाविषयीं. निबंधकार लबाडीच्या पाठीस चांगलेच लागले आहेत, परंतु संग्रहपालांच्या जबाबदारीची चर्चा आमच्या मतें आणखी विस्तारानें हवी होती. याच मनुष्यास १९१९ सालीं म्युझियमच्या पक्षिदालनांत येण्यास दीड वर्ष मनाई झाली होती. ज्याच्यावर एकदां पहारा बसवावा लागला, त्याचीच देणगी स्वीकारतांना प्रत्येक कातडें जुन्या नोंदवहीशीं ताडून पाहणें हें संग्रहपालाचें पहिलें काम होतें.

दुसरी गोष्ट निबंधांतून सहज निघते, पण ती ठळक व्हावयास हवी होती. चोरी उघडकीस आली ती डेव्हिडसनचीं बाकीचीं कातडीं कपाटांत राहिलीं म्हणून. एकाच पक्ष्याचे चार चार नमुने कशाला, असें म्हणून कोणी तीं काढून टाकलीं असतीं, तर तुलनेस कांहींच उरलें नसतें. आपल्या पोथीसंग्राहकांसही हा मोह होतो. एका ग्रंथाची एक चांगली प्रत ठेवून बाकीच्या वाटेस लावणारे आम्हीं पाहिले आहेत.

महाविद्यालयांत तर हा प्रकार नित्याचा. वऱ्हाडांतील एका विद्यालयांत (नांव न घेणेंच बरें) प्रयोगशाळेस रंग देतेवेळीं पेंढा भरलेले पक्षी व मद्यार्कांतील सर्प व्हरांड्यांत काढून ठेवलेले आम्हीं पाहिले. बरण्या धुवून घेतल्या होत्या, आणि धुतांना चिठ्ठ्याही गेल्या होत्या. विद्यार्थ्यांस दाखविण्यापुरता तो सर्प अजून सर्पच आहे; पण कोठला व केव्हांचा हें गेल्यामुळें संशोधनाच्या दृष्टीनें तो पुष्पिका फाडलेल्या पोथीसारखा झाला. कर्नलनें जें बुद्ध्या केलें, तें येथें ओल्या फडक्यानें झालें.

आणि वऱ्हाडास या बाबतींत परंपरा नाहीं असें नव्हे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९११ सालीं सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली, तींत खानदेशामागोमाग वऱ्हाडच घेतला. तेथील नमुने मुंबईस व लंडनास गेले व टिकले. येथें राहिलेल्यांचें काय झालें, हें प्रत्येक विद्यालयानें आपल्या कपाटांत पाहावें. पाहतांना जुनी चिठ्ठी, खोटी ठरली तरी, सोडूं नये. नवी तिच्याशेजारीं बांधावी. (जुन्या कातड्यांस सोमल चोळलेला असतो, म्हणून हात धुण्यास विसरूं नये.)

त्या व्हरांड्यांतील एका घारीच्या पायास मात्र चिठ्ठी शिल्लक होती. तिच्यावर शाईचा एक अंक वाचतां आला. ज्या नोंदवहींतील तो अंक, ती वही अद्याप मिळालेली नाहीं.