नसूहच्या घरातील आग

पाश्चात्त्य संस्कृतीच्या आक्रमणाविषयी आपल्या जलशांतून पुष्कळ बोलले जाते. पोशाख, टीव्ही, इंग्रजी शाळा ही नेहमीची यादी. आपला वारसा आपल्याच हातांनी किती गेला, हा विषय मात्र कुणी काढत नाही. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ (१८७४) ही उर्दू कादंबरी पुन्हा वाचताना आम्हांला हेच सलत राहिले.

दिल्लीत कॉलऱ्याची साथ येते. आजारी नसूहला स्वप्नात आखिरतचा दरबार दिसतो. बरा होताच तो घराला दीनकडे वळवायला निघतो. बायको आणि धाकटी मुले ऐकतात. थोरला कलीम शायर. तो घर सोडून जातो. मग नसूह त्याची दालने उघडतो आणि पुस्तकांची होळी करतो. दास्ताने, मसनव्या, दीवान, सगळे जळते.

नजीर अहमद यांची दीनविषयीची तळमळ खोटी नव्हती. पुढे त्यांनी कुरआनचा उर्दू तर्जुमाही केला. पण जाळायचे काय, हे ठरवणारे माप कुणाचे? याच घरात अलीमला वळणावर आणणारे पुस्तक पाद्र्याने दिलेले आहे. कादंबरीचा आराखडा डॅनियल डिफो यांच्या ‘फॅमिली इन्स्ट्रक्टर’वरून घेतलेला. लेखकाच्या ‘मिरातुल उरूस’ला (१८६९) तर इंग्रज सरकारचे एक हजार रुपयांचे इनाम मिळालेले! पिढ्यान्‌पिढ्या मकतबात शिकवली गेलेली सादींची ‘गुलिस्ताँ’सुद्धा इथे शाईने ओळी झाकूनच घरातल्या बाईच्या हाती जाते. साहेबाला जे अदब अश्लील आणि निरुपयोगी वाटले, ते आम्ही दीनच्या नावाने आगीत टाकले.

गंमत अशी की, कादंबरी जिवंत होते ती नसूहच्या उपदेशात नव्हे. नईमा आणि तिची आई फहमीदा यांचे भांडण वाचावे. दिल्लीच्या बायकांची बोली कानांत घुमते. कलीमचा अहंकार, त्याची फजिती, त्याचा मृत्यू यांत लेखकाची लेखणी जशी रमते, तशी ती नसूहपाशी रमत नाही. लेखकाला हे उमगले असावे, असा आम्हांला संशय आहे.

आमच्या उर्दू शाळेच्या कपाटातूनही काही वर्षांपूर्वी दास्तानाचे दोन खंड ‘मुले बिघडतील’ म्हणून काढले गेले. काढणाऱ्यांची नियत नेक होती. त्यांतला एक आम्ही रद्दीवाल्याकडून सोडवून आणला. त्याची सुरुवातीची पाने गेली आहेत. नववीची मुले मधल्या सुट्टीत तो मागून नेतात, आणि पहिल्या पानांत काय होते ते आम्हांला विचारतात.