खिशातला सुरवंट : पोकेमॉन खेळातील कीटकसृष्टी

समीक्षा म्हटली की आपल्यासमोर कविता, कथा, कादंबरी येते. फार तर नाटक आणि सिनेमा. मुले ज्या गोष्टीत तासन्‌तास रमतात तिची समीक्षा करावी, असे आपल्याला सहसा वाटत नाही. व्हिडिओ गेमविषयी घरात आणि शाळेत दोनच वाक्ये बोलली जातात : 'डोळे खराब होतील' आणि 'अभ्यासाला बस'. दोन्ही वाक्ये खरी असतील, पण त्यांनी त्या खेळात काय आहे ते कळत नाही. मुलांच्या मनात जे जग वसले आहे ते कोणी रचले, कशापासून रचले, त्यात अस्सल काय आणि नक्कल काय, याची चौकशी शिक्षकाने तरी केली पाहिजे, या भूमिकेतून हा लेख लिहीत आहे.

व्हिडिओ गेमचा एक प्रकार असा आहे की, खेळणारा रानावनात हिंडतो, अजब प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवतो. या प्रकारातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे पोकेमॉन. 'पॉकेट मॉन्स्टर' याचे हे लहान रूप. 'रेड' आणि 'ग्रीन' हे त्याचे पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाले. तेव्हा त्यात १५१ प्राणी होते. २०२४ पर्यंत त्यांची संख्या १०२५ झाली. आपल्याकडे २००० नंतरच्या दशकात त्याचे कार्टून टीव्हीवरून हिंदीत आले आणि ज्यांनी गेमचे यंत्र कधी पाहिलेही नव्हते अशा मुलांनाही त्यातली नावे पाठ झाली.

या सगळ्या पसाऱ्याचे मूळ किड्यांत आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. टोकियोलगतच्या माचिदा या गावात ते वाढले. तेव्हा तिथे शेते होती, तळी होती. सातोशीला किडे गोळा करण्याचा इतका नाद होता की सोबतची मुले त्याला 'किड्यांचा डॉक्टर' म्हणत. पुढे शहर वाढले, तळी बुजली. शहरीकरणामुळे किडे पकडण्याच्या जागा उरल्या नाहीत, मुले घरात बसून खेळू लागली, हे त्यांनी १९९९ साली 'टाइम' साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितले आहे. दोन गेम बॉय यंत्रे एका तारेने जोडता येतात हे पाहिल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर आले ते त्या तारेतून इकडून तिकडे सरपटत जाणारे किडे. शोधणे, जमवणे आणि मित्राशी अदलाबदल करणे, हे या खेळाचे तीन खांब म्हणजे किडे जमवणाऱ्या मुलाचेच तीन उद्योग होत.

चौथा खांब आहे रूप बदलण्याचा. ठरावीक टप्पा गाठला की प्राण्याचे रूप आणि नाव बदलते. खेळात याला 'इव्होल्यूशन' म्हणतात. जपानी मुळातही शब्द उत्क्रांतीचाच आहे. शब्दाची ही निवड चुकलेली आहे. उत्क्रांती एका जीवाची होत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या, लाखो वर्षांत होते. एकाच जीवाचे एकाच आयुष्यात जे घडते त्याला विज्ञानाच्या पुस्तकात आपण रूपांतरण म्हणतो. उर्दूतही हे दोन शब्द वेगळे आहेत : एक 'इर्तिका', दुसरा 'क़ल्ब-ए-माहियत'. खेळात जे दिसते ते दुसरे आहे, नाव पहिल्याचे दिले आहे. याचा परिणाम खेळापुरता राहिला नाही. २००१ साली सौदी अरेबियात या खेळावर बंदी आली, तेव्हा जुगाराशी साम्य या आक्षेपाबरोबरच उत्क्रांतीवादाचा प्रसार हाही आक्षेप होता. ज्याच्यावरून वाद झाला ते खेळात नव्हतेच. तिथे होता तो सुरवंटाचा कोष.

तो कोष आता नीट पाहू. खेळाच्या सुरुवातीच्या जंगलात 'कॅटरपी' नावाची हिरवी अळी भेटते. तिचे डोळे मोठे आहेत आणि डोक्यावर लाल, दुभंगलेले शिंग आहे. त्यातून घाण वास सोडून ती शत्रूला पळवते. ही कल्पना हवेतून आलेली नाही. आपल्या दारातल्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर जी हिरवी अळी असते तिला काडीने डिवचून पाहावे; डोक्यामागून नारिंगी-लाल, दोन फाट्यांचा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. पॅपिलिओ कुळातल्या फुलपाखरांच्या अळ्यांची ही खूण आहे. कॅटरपी सातव्या पायरीवर 'मेटापॉड' हा कोष होते आणि दहाव्या पायरीवर 'बटरफ्री' हे फुलपाखरू. मेटापॉड झाल्यावर ती नवी विद्या शिकते ती एकच, अंग कडक करण्याची. खेळणाऱ्या मुलाला या कोषाचा कंटाळा येतो, आणि तो यावा अशीच योजना आहे. खऱ्या कोषातही बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र जुने शरीर बहुतांशी विरघळून नवे घडत असते. थांबल्याशिवाय पंख मिळत नाहीत हा धडा खेळाच्या पहिल्याच तासात, एक अक्षरही न सांगता दिला जातो. दोष काढायचा तर एवढाच, की अळी पॅपिलिओची असूनही कोषातून निघते ते काळ्या शिरांचे पांढरे पाखरू, म्हणजे दुसऱ्याच घराण्यातले.

कार्टूनमध्ये हा धागा खेळाहून पुढे नेला आहे. कथेतला मुलगा स्वतःच्या हाताने पहिल्यांदा पकडतो ती कॅटरपीच. तिचे फुलपाखरू झाल्यावर विणीच्या काळात ते आपल्या जोडीदारासह समुद्रापार जाणार असते, आणि मुलगा रडत रडत त्याला सोडून देतो. खेळात पकडलेला प्राणी जन्मभर डबीत राहतो. इथे मात्र मुलाला कळते की त्या जीवाचा स्वतःचा एक ऋतू आहे आणि तो पकडणाऱ्याच्या हातात नाही.

इतके देऊनही खेळाने कीटकाला मान दिला का? नियमांकडे पाहिले तर उत्तर नकारार्थी येते. पहिल्या १५१ प्राण्यांत कीटक प्रकाराचे बारा. पाखरांपुढे ते दुबळे, आगीपुढे दुबळे. वनस्पतीवर मात्र भारी. इथवर निसर्गाला धरून आहे : पाखरे अळ्या खातात, अळ्या पाने खातात. त्या खेळात मनोबलाने लढणारे प्राणी सर्वांत जबरदस्त होते आणि नियमाप्रमाणे त्यांच्यावर कीटकांची मात्रा चालायला हवी होती. पण बारापैकी पाच कीटक विषारी वर्गातही घातले होते, आणि विषारी प्राणी मनोबलापुढे टिकत नाहीत. शिवाय कीटकांना हल्ल्याचे डावही क्षुल्लकच दिले. म्हणजे कागदावर हक्क आणि प्रत्यक्षात हार. सुरुवातीला कामाला येणारे आणि पुढे डबीत पडून राहणारे, अशीच त्यांची गत झाली. किड्यांच्या डॉक्टरने रचलेल्या जगात किडाच तळाला राहावा, हे खटकते.

२००२ च्या 'रूबी' आणि 'सफायर' या खेळांत मात्र एक असा कीटक आला की ज्याला मी या साऱ्या परंपरेतली सर्वांत सरस निर्मिती म्हणेन. 'निनकाडा' हा सिकाडाचा, म्हणजे उन्हाळ्यात झाडावर बसून कर्कश ओरडणाऱ्या किड्याचा, जमिनीखालचा अवतार. विसाव्या पायरीवर त्याचा अतिवेगवान 'निन्जास्क' होतो. पण खेळणाऱ्याच्या सहा प्राण्यांच्या ताफ्यात एक जागा रिकामी असेल, तर त्या जागेवर आणखी एक प्राणी येऊन बसतो : 'शेडिन्जा'. ही किड्याने टाकलेली कात आहे. आतून पोकळ, पाठीला चीर, वर्गाने कीटक आणि भूत. त्याच्या प्राणाचा आकडा कायम १. एका घावात तो संपतो, पण त्याच्या मर्मावर बसणारे मोजके प्रकार सोडले तर कोणताही घाव त्याला लागतच नाही. तो मिळणार आहे हे खेळ आधी सांगत नाही. मुलाला तो अचानक सापडतो, जशी झाडाच्या खोडावर चिकटलेली कात सापडते. जपानी साहित्यात सिकाडाची कात ही क्षणभंगुर आयुष्याची जुनी प्रतिमा आहे. 'गेंजी मोनोगातारी' या हजार वर्षांपूर्वीच्या कादंबरीत तिच्या नावाचे एक प्रकरणच आहे. त्यातली स्त्री अंगावरचे वस्त्र मागे टाकून निसटून जाते. ही प्रतिमा खेळाच्या नियमात उतरवली, आणि ती कळायला कादंबरी वाचलेली असण्याची गरज ठेवली नाही. मी तिला सरस म्हणतो ते यासाठी.

२००६ चे 'डायमंड' आणि 'पर्ल' हे खेळ तर तुलनेसाठीच निघाल्यासारखे वाटतात. त्यात 'बर्मी' ही काड्यांची पिशवी अंगावर बाळगणारी अळी आहे. ज्या जागी ती शेवटची लढली असेल तिथल्या वस्तूंचे आवरण ती घेते : रानात पानांचे, वाळूत वाळूचे, इमारतीत टाकाऊ कचऱ्याचे. नराचा उडणारा पतंग होतो. मादी पंखांविना त्या आवरणातच राहते. बाभळीवर लोंबणाऱ्या अशा पिशव्या आपणही पाहतो, आणि त्या जातीच्या बहुतेक माद्यांचे खरोखर असेच असते. त्याच खेळात 'कॉम्बी' ही मधमाशी आहे. तिच्यात सात नरांमागे एक मादी. नर-मादी दोघेही राणीसाठी मध गोळा करतात; मादीची पुढे राणी होते, नर आहे तिथेच राहतो. खऱ्या पोळ्यात फुलांवर राबणारी प्रत्येक कामकरी माशी मादी असते. नर मध गोळा करत नाही आणि संख्येनेही थोडा असतो. बर्मीच्या बाबतीत रचनाकारांनी किड्याकडे पाहिले, कॉम्बीच्या बाबतीत माणसाच्या दरबाराकडे. पहिलीतून मूल काही शिकते. दुसरीतून शिकलेले शाळेत येऊन विसरावे लागते.

अशीच कुचराई २०२२ च्या 'रेलर'मध्ये दिसते. हा उघड उघड शेणकिडा आहे, गोळा ढकलत चालणारा. पण त्याचा गोळा शेणाचा नाही. वाळू, माती आणि मनोबल कालवून केलेला. शेण जमिनीत नेऊन मुरवणे हेच तर या किड्याचे जगावरचे उपकार. तेच घाण म्हणून पुसून टाकले. आपल्या खेड्यातले मूल या स्वच्छ शेणकिड्याला हसेल, आणि त्याचे हसणे योग्य ठरेल.

उर्दू वाचणाऱ्याला किडा भेटतो तो गझलेत. शमेवर झेप घेऊन जळणारा परवाना म्हणजे आशिक, हे आम्हाला शाळेपासून पाठ. म्हणूनच २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या खेळांतला 'व्होल्कारोना' मला विशेष वाटला. कीटक आगीपुढे दुबळा हा खेळाचा पहिल्यापासूनचा कायदा. हा पतंग मात्र स्वतःच आग आहे. ज्वालामुखीच्या राखेने आभाळ काळवंडले तेव्हा त्याच्या ज्वाळांनी सूर्याची जागा घेतली, अशी त्याची दंतकथा. त्याची अळी तब्बल ५९ व्या पायरीपर्यंत अळीच राहते. कॅटरपीने शिकवलेल्या सबुरीचा हा मोठा इम्तिहान आहे. परवाना आणि शमा एकाच देहात आणण्याची ही कल्पना जपानी खेळाची. आपल्या शायरीचा तिच्याशी संबंध नाही. पण गझलेच्या वाचकाला ती परकी वाटणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. तळी बुजली म्हणून ताजिरींनी मुलांना खिशात मावणारे तळे दिले. त्याने मुले खऱ्या तळ्याकडे वळली का? केंब्रिजचे अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली 'सायन्स' नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. ब्रिटनमधल्या ४ ते ११ वयाच्या १०९ मुलांना चित्रे दाखवून नावे विचारली. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉनची ७८ टक्के नावे बरोबर सांगितली, भोवतालच्या वनस्पती-प्राण्यांची ५३ टक्के. याचा अर्थ मुलांची स्मरणशक्ती कमी नाही. शेकडो जीव ओळखण्याची, त्यांचे बारीक भेद लक्षात ठेवण्याची भूक त्यांच्यात आहे. आपण तिला खाद्य देत नाही.

खेळाचा खरा उणेपणाही इथेच आहे. तो नाव देतो, पण पत्ता देत नाही. कॅटरपी कोणत्या झाडाची पाने खाते हे मुलाला कळत नाही; ती नुसती 'उंच गवतात' भेटते. पत्ता देणे हे आपले काम आहे. महाराष्ट्राने २०१५ साली ब्ल्यू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरवले. तेही पॅपिलिओच, त्याची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, म्हणजे कॅटरपीची सख्खी नातेवाईक. जपानी मुलांचा लाडका शिंगवाला भुंगा या खेळात 'हेराक्रॉस' झाला; त्याचाच भाऊबंद आमच्या कोकणात गेंड्या भुंगा म्हणून नारळाचा शेंडा पोखरतो आणि बागायतदाराच्या शिव्या खातो. एवढे दोन धागे वर्गात जोडून दिले तरी विज्ञानाचा तास वेगळा होईल. मुलाला कॅटरपी ठाऊक आहे म्हणून त्याच्यावर रागावण्यापेक्षा त्याला कढीपत्त्याच्या झाडापाशी नेऊन उभे करावे. निम्मी ओळख त्याला आधीच असते.