अडकलेले पिस्तूल, निर्दोष मालक

जेम्स बाँडने आपले बेरेटा पिस्तूल का सोडले, याचे उत्तर कादंबरी एक देते आणि चित्रपट दुसरेच. चाहत्यांना हा तपशील किरकोळ वाटतो. मला मात्र त्यात शस्त्र बाळगणाऱ्याच्या जबाबदारीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी दिसतात.

आधी इयन फ्लेमिंगचे श्रेय त्याला द्यायला हवे. ‘कॅसिनो रॉयल’मध्ये (१९५३) बाँड बाहेर पडण्याआधी पिस्तूल तपासतो. मॅगझिन काढतो, आत राहिलेले काडतूस काढतो, स्लाइड मागेपुढे करतो, रिकामा चाप ओढून पाहतो आणि मगच पिस्तूल पुन्हा भरतो. हा माणूस हत्याराची निगा राखतो, हे तेवढ्या कृतीतून कळते.

१९५६मध्ये जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या जाणकाराने फ्लेमिंगला पत्र लिहिले. बेरेटा बाँडला शोभत नाही, त्यापेक्षा रिव्हॉल्वर बरे, असा त्याचा सल्ला होता. पुढे ‘डॉक्टर नो’मध्ये (१९५८) याच नावाचा मेजर अवतरतो आणि बाँडच्या हाती वॉल्थर पीपीके येते. कारण? आधीच्या कामगिरीत बेरेटाचा सायलेन्सर कपड्यात अडकला होता. म्हणजे यंत्र धड होते. ते बाळगण्याची रीत चुकली होती. गंमत अशी, की नव्या पिस्तुलासाठी फ्लेमिंगने सुचवलेले म्यान मुळात रिव्हॉल्वरसाठी बनवलेले होते!

१९६२च्या चित्रपटात मात्र बेरेटा ऐन वेळी जॅम झाल्याचे आणि त्यापायी बाँड सहा महिने रुग्णालयात पडल्याचे वरिष्ठ सुनावतात. कपड्यात अडकणे वेगळे आणि यंत्रात अडकणे वेगळे. या एका बदलाने दोष मालकाकडून वस्तूकडे सरकला. वस्तू बदलली, की प्रश्न मिटला.

असा तो मिटत नाही. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात प्रत्येक गोळीनंतर स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. स्प्रिंग थकली, मॅगझिनच्या कडा वाकल्या, जळक्या दारूची काजळी साचली, काडतूस कमजोर निघाले किंवा पकड सैल पडली, तरी ही साखळी तुटू शकते. रिव्हॉल्वरमध्ये एखादे काडतूस उडाले नाही, तर चाप पुन्हा ओढता येतो; चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात मात्र अडथळा हातानेच दूर करावा लागतो.

२० मार्च १९७४ रोजी लंडनमध्ये राजकुमारी अ‍ॅन यांच्या अपहरणाचा प्रयत्न झाला. त्यांचे अंगरक्षक जेम्स बीटन यांची एक गोळी सुटली, नेम चुकला आणि पिस्तूल अडकले. ते होते वॉल्थर पीपीके! बीटन यांनी तीन गोळ्या अंगावर झेलल्या. राजकुमारी बचावली, ती माणसांच्या धैर्यामुळे. बीटन यांना पुढे ‘जॉर्ज क्रॉस’ मिळाला.

म्हणून ‘डॉक्टर नो’ चित्रपटातला तो गाजलेला प्रसंग मला उत्तम जाहिरात वाटतो, पण कथा म्हणून तो कादंबरीहून उणा आहे. कादंबरीतला बाँड चुकू शकतो, म्हणून त्याला शिकण्यासारखे काही उरते. चित्रपटातल्या बाँडला फक्त नवी वस्तू मिळते. पुढे नायकाचे पिस्तूल ही त्याची ओळख झाली आणि ते पुसणारे, तपासणारे, रिकामे करून ठेवणारे हात पडद्यावरून जवळजवळ नाहीसे झाले. शस्त्राचा धाक तेवढा उरला, त्याचे ओझे गेले.