तलवारीवाचूनचा डाव

भूमिका-खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांनी एकेका पात्राच्या तोंडून बोलत आणि फाशांचा कौल घेत पुढे नेलेली गोष्ट, हा प्रकार युद्धाच्या पटखेळातून निघाला असल्याने त्यात थट्टामस्करी आणि सलोखा यांना पाहुण्याचीच जागा आहे, असे सर्रास समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये समोर आलेला राक्षस कोणत्या मनःस्थितीत आहे हे दोन फासे टाकून ठरवता येई, आणि ३६ पैकी १६ वेळा पडणारे ६ ते ८ हे दान ‘अजून काही ठरलेले नाही’ असे सांगे; शिवाय आणलेल्या सोन्यालाही अनुभवाचे गुण असल्याने लढण्यापेक्षा थापा मारून खजिना लांबवणे शहाणपणाचे ठरे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले आणि मारामारीचे पारडे जड झाले.

त्याच खेळासाठी २०२१ मध्ये आलेल्या परीलोकातील जत्रेच्या साहसकथेत प्रत्येक प्रसंग शस्त्र न उपसता सुटू शकतो. पण मूळ नियमांचा मोठा भाग लढाईचाच असल्याने बोलण्याचा निकाल सूत्रधाराच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मर्जीवर राहतो. र्यो कामिया यांचा जपानी ‘युयाके कोयाके’ (२००६) याहून पक्का आहे: माणसाचे रूप घेणारे कोल्हे-मांजरी खेड्यातल्या किरकोळ अडचणी सोडवतात, फासे नाहीत, आणि लोभस वागण्याबद्दल खेळाडूच एकमेकांना गुण देतात.

वर्धा जिल्ह्यात अशा खेळाचा कच्चा माल दरवर्षी पोळ्याला तोरणाखाली उभा असतो. झडती, म्हणजे देवाच्या नावाने सुरू होऊन कापसाच्या भावापर्यंत सगळ्यांना चिमटे काढणारे चढाओढीचे पद्य, हा बिनशस्त्र सामनाच होय. आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात, जो सिंदी (रेल्वे) येथे विशेष गाजतो, मुले लाकडी नंदी घेऊन निघतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागतात. समजा, डावा कान लहान कोरला म्हणून एक नंदी ऐन मिरवणुकीच्या सकाळी रुसून बसला, आणि सुतार, बहुरूपी व एक खमकी आजी अशा तीन पात्रांना त्याची समजूत घालायची आहे. बहुरूपी शंकराचे सोंग घेऊन दटावतो आणि दान फसते. इथे कच्चा सूत्रधार ‘नंदी ऐकत नाही’ म्हणून थांबतो. मुरलेला सूत्रधार नंदीच्या तोंडी नवी अट घालतो, की शेजारच्या मोठ्या नंदीने आधी आपल्याला वाट द्यावी, आणि त्या नंदीचा मालक तर आजीशी वर्षभर बोलत नाही.

हलक्याफुलक्या डावांचे आजचे दुखणे नेमके हेच आहे, की राक्षसाबरोबर अडचणही काढून टाकली जाते आणि मग उरतात ती गोडगोड संभाषणे, ज्यांत कोणाचे काही बिनसण्याची धास्तीच नसते. वर्ध्याकडे हा डाव मांडणाऱ्यांनी परदेशी परी जरा बाजूला ठेवून हा रुसका नंदी एकदा पटावर आणावा. त्याला दोन फासे पुरतात.