पदव्युत्तर समाजकार्य शिक्षण आणि वऱ्हाडातील सेवाकर्मी : एक चिकित्सा

सारांश :

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण हे व्यावसायिक शिक्षण मानले जाते. परंतु सेवाक्षेत्रात आधीपासून काम करणाऱ्या व्यक्तीला ते नोकरी न सोडता पूर्ण करणे कठीण जाते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील मनोविकृती समाजकार्यकर्त्याची व्याख्या आणि एम.फिल. पदवीविषयीचे नंतरचे धोरण यांमुळे ही अडचण अधिक गंभीर झाली आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीची चिकित्सा बाळापूरसारख्या तालुक्याच्या पातळीवरून केली असून, काम करता करता घेता येईल अशा पदव्युत्तर शिक्षणाची आवश्यकता प्रतिपादन केली आहे.

बीजशब्द : समाजकार्य शिक्षण, क्षेत्रकार्य, मनोविकृती समाजकार्य, सेवाकर्मी, वऱ्हाड.

प्रस्तावना :

वऱ्हाडाला सेवेची परंपरा नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन लोकशिक्षण केले, धर्मशाळा उभारल्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरीच्या गुरुकुंजातून ग्रामसेवेचा विचार खेडोपाडी नेला. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचे कार्य केले. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. या कार्यासाठी २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर या मुलांनी जायचे कोठे, हा त्यांनी सातत्याने मांडलेला प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेला नाही, तर तो प्रत्यक्ष कामातून आलेला आहे.

या परंपरेच्या शेजारी आज पगारी सेवाकर्मींचा एक मोठा वर्ग उभा आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या काठी वसलेले, किल्ल्यासाठी व मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीसाठी ओळखले जाणारे बाळापूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. अशा तालुक्यात आशा स्वयंसेविका, अंगणवाडीच्या मुख्यसेविका, शासकीय वसतिगृहांचे गृहपाल, रुग्णालयांतील समुपदेशक, बालसंरक्षणाचे कर्मचारी आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते काम करीत असतात. त्यांच्यापैकी अनेकांजवळ पदवी असते, कामाचा अनुभव असतो आणि पुढे शिकण्याची इच्छाही असते. मात्र पदव्युत्तर शिक्षणाची रचना त्यांना गृहीत धरत नाही. या रचनेची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

समाजकार्य शिक्षणाचा उगम आणि नंतरची वाटचाल :

समाजकार्य शिक्षणाचा इतिहास पाहता एक गोष्ट लक्षात येते. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या धर्मादाय संघटनेने जो उन्हाळी वर्ग सुरू केला, तो प्रामुख्याने दानधर्माच्या क्षेत्रात आधीच काम करणाऱ्यांसाठी होता. सहा आठवड्यांच्या त्या वर्गातून पुढे विद्यापीठीय शिक्षण विकसित झाले. भारतातही क्रम असाच दिसतो. मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाड्याच्या वस्तीत केंद्र सुरू केले आणि त्या अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाची स्थापना झाली. १९४४ मध्ये या संस्थेस टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे नाव मिळाले व १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. १९३७ मध्ये तेथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले आणि १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. थोडक्यात, आधी काम उभे राहिले आणि त्या कामाच्या गरजेतून शिक्षण आले.

पुढे विद्यापीठीय मान्यता मिळत गेली तसा हा क्रम उलटला. आजचा एम.एस.डब्ल्यू. अभ्यासक्रम मुख्यतः पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या, पूर्णवेळ उपलब्ध असणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आखलेला असतो. आठवड्यातील दोन दिवस क्षेत्रकार्य, उर्वरित दिवस वर्ग आणि शेवटी एखाद्या संस्थेत सलग काही आठवड्यांचे प्रशिक्षण, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी आहे. नवशिक्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मांडणी योग्यच आहे. परंतु दहा वर्षे अंगणवाड्यांचे पर्यवेक्षण केलेल्या मुख्यसेविकेला हाच अभ्यासक्रम पूर्ण करावयाचा असेल तर तिला नोकरी सोडावी लागते, बिनपगारी रजा घ्यावी लागते किंवा दूरशिक्षणाचा मार्ग स्वीकारावा लागतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने समाजकार्याची पदव्युत्तर पदवी दूरशिक्षणाने उपलब्ध करून दिली, हे महत्त्वाचेच आहे. तथापि क्षेत्रकार्याचे जवळून पर्यवेक्षण ही या विषयाची खरी कसोटी असल्याने दूरशिक्षणाची मर्यादाही तेथेच जाणवते.

कायद्याने घातलेली अट :

या विसंगतीचे सर्वांत ठळक उदाहरण मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आढळते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोविकृती समाजकार्यकर्ता म्हणून ओळख मिळण्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर मनोविकृती समाजकार्य या विषयातील, पर्यवेक्षित चिकित्सालयीन प्रशिक्षणासह पूर्ण केलेली दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. पदवी आवश्यक आहे. अशा व्यक्तींची नोंदणी करण्याची जबाबदारी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आहे. रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने या अटीमागील हेतू स्पष्ट आहे व तो स्वागतार्हही आहे.

प्रश्न त्यानंतर निर्माण झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये एम.फिल. बंद करण्याचे ठरले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या पीएच.डी. विनियमांद्वारे ही पदवी संपुष्टात आणली. म्हणजे एका कायद्याने जी पदवी अनिवार्य केली, तीच दुसऱ्या धोरणाने रद्द केली. ही विसंगती लक्षात आल्यावर चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोविकृती समाजकार्य या दोन विषयांतील एम.फिल.ला आयोगाने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ दिली. दरम्यान सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणाऱ्या २०२१ च्या अधिनियमाने वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्यकर्त्यांना आपल्या अनुसूचीत स्थान दिले. व्यवसायाला कायदेशीर ओळख मिळत असताना त्या ओळखीकडे नेणारी पदवीच मुदतवाढीवर जगावी, यातून हे शिक्षण धोरणकर्त्यांच्या विचारात किती दुय्यम राहिले आहे हे दिसून येते.

बाळापूरच्या सेवाकर्मीच्या दृष्टीने या अटीचा अर्थ अधिक कठीण आहे. या विषयाच्या शिक्षणासाठी नावाजलेल्या संस्था म्हणजे बंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बरदलै संस्था. आधी दोन वर्षे एम.एस.डब्ल्यू. आणि मग घरापासून दूर दोन वर्षे पूर्णवेळ एम.फिल., अशी चार वर्षे संसार आणि नोकरी बाजूला ठेवून देणे ज्याला शक्य आहे, तोच या व्यवसायात येऊ शकतो. अशी व्यक्ती पुढे तालुक्याच्या ठिकाणी परत येईल, याची शाश्वती नाही.

वऱ्हाडाची गरज :

ही चर्चा केवळ पदव्यांची असती तर तिला फारसे महत्त्व नव्हते. परंतु वऱ्हाडात तिचा संबंध जगण्यामरण्याशी आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. अकोला व अमरावती हे जिल्हे त्यांत होते. त्या पॅकेजचा भर कर्ज, व्याज आणि सिंचन यांवर होता, आणि तो असणे स्वाभाविकही होते. मनाच्या आजाराकडे शासनाचे लक्ष पुढे वळले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन ताणाखाली असलेल्या व्यक्तींचा शोध घेणे आणि १०४ या दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशन उपलब्ध करून देणे अपेक्षित होते.

२०१७ च्या कायद्यातील कलम ११५ याहून पुढे जाते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली असल्याचे हे कलम गृहीत धरते आणि तिला काळजी, उपचार व पुनर्वसन पुरविण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा देणारे जुने सर्वसाधारण कलम राहिलेले नाही. कीटकनाशक प्राशन केलेला शेतकरी रुग्णालयातून घरी परततो तेव्हा पोलिसांची भीती कमी झालेली असते, हे खरे. परंतु त्याच्या घरी जाणारे, पत्नीशी व म्हाताऱ्या आईवडिलांशी बोलणारे, सावकाराच्या तगाद्याची चौकशी करणारे आणि पुढील सहा महिने संपर्क ठेवणारे कोण? कायद्याने दिलेल्या पुनर्वसनाच्या वचनाची पूर्तता याच कामावर अवलंबून आहे, आणि हे काम मूलतः समाजकार्याचे आहे.

असे काम स्थानिक माणसांकडून होऊ शकते, याला अमरावती जिल्ह्यातच पुरावा आहे. तेथील तीस गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य कार्यक्रमात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते आणि प्रशिक्षित समुपदेशक यांच्यावर भर होता व मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांशी संपर्क आलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढले. या अनुभवातून दोन निष्कर्ष निघतात. एक, स्थानिक सेवाकर्मी परिणामकारक ठरतो. दोन, त्याच्यामागे सातत्यपूर्ण प्रशिक्षण व पर्यवेक्षण असावे लागते. मात्र अशा कार्यक्रमात मिळविलेले कौशल्य पदव्युत्तर शिक्षणात जमा होण्याची सोय नसल्याने कार्यक्रमाची मुदत संपली की त्या कार्यकर्त्याच्या हाती अनुभवाच्या प्रमाणपत्राखेरीज काही उरत नाही.

भाषेचा मुद्दाही येथे महत्त्वाचा ठरतो. वऱ्हाडी माणूस ‘मला नैराश्य आले’ असे सहसा म्हणत नाही. त्याचा ‘जीव घाबरते’, त्याला ‘करमत नाही’, रात्री ‘झोप लागत नाही’. बाळापुरात उर्दू बोलणारी कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. इंग्रजी ग्रंथांतून शिकलेल्या लक्षणांची या बोलण्याशी सांगड घालणे हे कौशल्य तेथेच राहून काम करणाऱ्याला लवकर साधते. खारपाणपट्ट्यातील क्षारयुक्त पाण्याचा प्रश्न, नापिकी आणि कर्जाचा फेरा यांची त्याला नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही.

अन्य कायदे आणि परदेशातील अनुभव :

अनुभवाला कायदेशीर मूल्य देता येत नाही, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु आपल्याच कायद्यात याला उत्तर आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील बालकल्याण समितीच्या सदस्यत्वाची अट पाहता, संबंधित विषयातील पदवीबरोबरच मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या क्षेत्रातील सात वर्षांचा सक्रिय सहभाग तेथे विचारात घेतला जातो. म्हणजे बालकांच्या बाबतीत कायदा पदवी व अनुभव यांची जोड घालतो, तर मानसिक आरोग्याच्या बाबतीत एका पदवीवर दुसरी पूर्णवेळ पदवी ठेवतो.

इंग्लंडमधील व्यवस्थाही विचारात घेण्यासारखी आहे. तेथे १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्यात २००७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ‘मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य व्यावसायिक’ ही भूमिका नोंदणीकृत समाजकार्यकर्ते, परिचारिका, व्यवसायोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांना खुली झाली. त्यासाठीचे पदव्युत्तर प्रशिक्षण नोंदणीकृत व अनुभवी व्यावसायिकांसाठीच असते आणि त्यात नियोक्ता संस्थेचा सहभाग असतो. इंग्लंडची आरोग्यव्यवस्था व वऱ्हाडातील परिस्थिती यांची तुलना होऊ शकत नाही. तथापि नोकरी हा शिक्षणातील अडथळा न मानता प्रवेशाची पात्रता मानणे, हे तत्त्व स्वीकारण्यासारखे आहे.

आक्षेपांचा विचार :

काम करता करता शिक्षण दिल्यास दर्जा खालावेल, हा आक्षेप निराधार नाही. घरबसल्या पदवी देणाऱ्या संस्थांचा अनुभव समाजाने घेतलेला आहे. परंतु ‘पूर्णवेळ’ या अटीतून रुग्णाचे जे संरक्षण अपेक्षित आहे, ते वसतिगृहातील वास्तव्यातून मिळत नसून पर्यवेक्षणाखाली केलेल्या चिकित्सालयीन तासांतून मिळते. हे तास कमी न करता ते तीन किंवा चार वर्षांत विभागता येतील. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि जिल्हा रुग्णालये ही त्यासाठी प्रशिक्षणाची केंद्रे होऊ शकतात.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. नोकरीचे ठिकाण हेच क्षेत्रकार्याचे ठिकाण ठरले, तर विद्यार्थी आपल्याच संस्थेकडे चिकित्सकपणे पाहू शकेल काय? गृहपालाने स्वतःच्या वसतिगृहातील उणिवा अहवालात नोंदविणे त्याच्या नोकरीला बाधक ठरू शकते. म्हणून पर्यवेक्षक संस्थेबाहेरचा असणे, अहवाल गोपनीय राहणे आणि क्षेत्रकार्याचा किमान एक तृतीयांश भाग अन्य संस्थेत पूर्ण करणे या अटी अपरिहार्य ठरतात.

निष्कर्ष :

१. समाजकार्याचे शिक्षण कामाच्या गरजेतून जन्मले. सध्याची रचना मात्र काम करणाऱ्यालाच बाहेर ठेवते.

२. मनोविकृती समाजकार्याची पात्रता कायद्यात एका विशिष्ट पदवीच्या नावाशी बांधली गेल्याने ती पदवी रद्द होताच संपूर्ण व्यवसाय अनिश्चिततेत सापडला. पात्रता पदवीच्या नावाऐवजी पर्यवेक्षित प्रशिक्षणाच्या आशयावर व तासांवर आधारित असावी.

३. कलम ११५ ने दिलेले पुनर्वसनाचे वचन वऱ्हाडात पाळावयाचे असल्यास तालुक्यात राहणाऱ्या सेवाकर्मींना पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग खुला झाला पाहिजे.

४. नव्या शैक्षणिक धोरणातील श्रेयांक संचय आणि एका वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा यांचा उपयोग सेवाकर्मींना टप्प्याटप्प्याने शिकता यावे यासाठी करता येईल. यात संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने पुढाकार घेणे त्याच्या नावाला साजेसे ठरेल.

बाळापूर तालुक्यातील एखादी मुख्यसेविका किंवा समुपदेशक मनोविकृती समाजकार्यकर्ता म्हणून नोंदणीकृत होऊन आपल्याच तालुक्यात काम करू लागेल, तेव्हाच हे शिक्षण खऱ्या अर्थाने व्यावसायिक झाले असे म्हणता येईल. तोपर्यंत आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाच्या दारी जाणारी आशा स्वयंसेविका एकटीच राहणार आहे.