ताजी माहिती म्हणजे लागू माहिती नव्हे: लोहगडवाडीचा धडा

लिटरेचर रिव्ह्यू करताना 'लेटेस्ट काय आहे ते बघ' असं सगळेच सांगतात. मीही तेच करायचो.

माझं फील्डवर्क मावळातल्या सड्यांवर चालतं. गेल्या जुलैत दोन ज्युनिअर सोबत होते. लोहगड उरकून लोहगडवाडीत उतरलो आणि दुपारी विसापूर करायचं ठरलं. ॲपवर कुणीतरी मार्चमध्ये टाकलेला ट्रॅक होता. सॅकमध्ये जुन्या बाजारातलं एक गाइडबुक होतं, पानं पिवळी पडलेली. अर्थातच फोनचं ऐकलं. ट्रॅक नाळेतल्या पायऱ्यांवरून वर चढत होता. मार्चमध्ये तो अगदी बरोबर असणार, पण जुलैत पायऱ्या दिसतच नव्हत्या, नुसतं पाणी. एक ज्युनिअर घसरला, मनगट सुजलं, मागे फिरलो. वाडीत चहा घेताना पुस्तक उघडलं, तर पावसात ही नाळ टाळा असं त्यात एका ओळीत चक्क दिलेलं होतं!

पण लगेच पुस्तकाची आरती ओवाळू नका. त्याच पुस्तकात मळवली ते भाजे या वाटेवर एक्सप्रेसवे नाहीच, कारण ते 2002 च्या आधीचं. लोकलच्या वेळा तर सोडूनच द्या. 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांसाठी मनाई आदेश काढले. असे आदेश निघायच्या दिवशी सकाळी फोनवरच बघावे लागतात. आणखी एक, पुस्तकाच्या आतल्या पानावर 'सुधारित आवृत्ती' आहे की 'पुनर्मुद्रण', ते वाचा. पुनर्मुद्रणात वर्ष नवं असतं, मजकूर जुनाच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. प्र. के. घाणेकर, आनंद पाळंदे किंवा हरीश कपाडिया यांची पुस्तकं उघडली की कोण सांगतंय आणि कधी, हे कळतं. आता 'लोहगड माहिती' सर्च करा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, 1665 चा पुरंदरचा तह, 1670 मध्ये किल्ला परत घेतला, आणि सुरतेची लूट नेताजी पालकरांनी इथे आणून ठेवली. पानामागून पान तेच, कधीकधी शुद्धलेखनाच्या चुकांसकट. 2025 मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत गेला, तर वर एक नवा परिच्छेद जोडला, खाली सगळं जैसे थे. दरवाजे तुम्ही स्वतः जाऊन मोजू शकता, तह आणि सालं इतिहासाच्या ग्रंथांत तपासता येतात. पण लुटीच्या वाक्याखाली आधार शोधून बघा. मी पाहिलेल्या पानांवर तो नव्हता. वाक्य चूक आहे असा माझा दावा नाही. पण एकमेकांवरून उतरवलेली दहा पानं म्हणजे दहा साक्षीदार होत नाहीत, एकच होतो, आणि तोही निनावी. सायटेशनमध्ये आपण हेच करतो: मूळ पेपर न उघडता रिव्ह्यूमधून संदर्भ उचलतो. (मीसुद्धा केलंय, गाइडनी पकडलं.)

म्हणून हल्ली प्रत्येक नोंदीपुढे मी दोन गोष्टी लिहितो: माहिती कधी छापली किंवा टाकली, आणि प्रत्यक्ष कुठल्या ऋतूत पाहिली. दुसरा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो. तिथे लोहगडवाडीतल्या माणसाला विचारायचं.

ज्युनिअरचं मनगट बरं आहे. तो ट्रॅक ॲपवर अजून आहे, खाली पावसाळ्याची सूचना मी टाकलीय.