पट आधी की चित्र आधी?

नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडात कोरलेले खेळांचे पट पाहायला मिळतात. रंग नाही, चित्र नाही; तरी घर कुठले हे बोटाने चाचपूनही कळते. विज्ञानाचे खेळ तयार करणाऱ्या आम्हा मंडळींचे रंगीत पट या कसोटीला उतरतात का? आमच्याच एका पटाची ही झाडाझडती.

शाळांसाठी आम्ही ‘पाण्याचा प्रवास’ ही सापशिडी छापून घेतली. १ल्या घरात ब्रह्मगिरी, १००व्या घरात बंगालचा उपसागर. चित्रे सुरेख होती. पहिल्याच डावात सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, शंभरावर पोचलं की पाणी संपतं का?” आम्ही निरुत्तर झालो. शिकवायचे होते जलचक्र; पण सापशिडीला शेवट असतो, चक्राला नसतो. शिवाय १ले घर तळाशी आणि १००वे माथ्यावर, म्हणजे आमची गोदावरी चढावर वाहत होती! पाऊस दाखवला होता सापाने, त्यामुळे मुले पावसाला घाबरत होती. ‘पाण्याची पुन्हा वाफ होते’ हे नियमांच्या कागदावर होते. तो वाचतो कोण? पटाचा आकार जे सांगतो, तेच मूल शिकते.

याउलट परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते तो मोक्षपट पाहा. सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप, अखेरचे घर मोक्षाचे. तेथे वर चढणे आणि शेवट गाठणे हाच आशय आहे. हा खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला पोचला; पुढे घरांची नावे गळाली, आकडे उरले. त्या रिकाम्या चौकटीत आपण वाटेल तो धडा भरतो, हीच चूक.

दुसरी चूक रंगांची. लाल आणि हिरव्या सोंगट्या काही मुलांना वेगळ्या ओळखता येत नाहीत. हा दोष मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त आढळतो, कारण त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलांत ते गुणसूत्र एकच असते. सोंगट्यांचे आकारही वेगवेगळे ठेवले असते तर भागले असते.

दोन्ही चुकांचे मूळ कामाच्या क्रमात होते. आम्ही आधी चित्रकार गाठला, मग छापखाना आणि शेवटी मुले. क्रम उलटा हवा होता. काय शिकवायचे ते एका वाक्यात लिहावे, त्याला साजेसा आकार शोधावा, पेन्सिलीने पट आखून चिंचोके घेऊन मुलांबरोबर खेळावे. मुले अडतील तेथे खोडावे. चित्रकाराला बोलवावे ते त्यानंतर.

उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या पाठीवर आम्ही मुलांनाच पट आखायला सांगितले. त्या मुलीच्या गटाने वर्तुळ काढले आणि ते तेथेच अडले, कारण ब्रह्मगिरीवरचा पाऊस येतो मुख्यतः अरबी समुद्रावरून. अखेर त्यांच्या पटावर दोन समुद्र आले. आमच्या छापील पटापेक्षा तो पट अधिक खरा होता.